चालत्या प्रकल्पाची बिल्ड आणि कोडशैली कशी लावून घ्यावी

दिवसा मी बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कारखान्यात ईआरपी सांभाळते. संध्याकाळी शहापुरातल्या घरी बसून एक छोटी ओपन सोर्स लायब्ररी सांभाळते. कन्नड लिपीतली नावं देवनागरीत आणायची आणि देवनागरीतली कन्नडात न्यायची, एवढंच तिचं काम. सीमाभागात याची गरज कोणाला समजावून सांगावी लागत नाही. जमिनीचा उतारा कन्नडात, आणि आजोबांच्या शाळेचा दाखला मराठीत. दोन्हीकडचा माणूस एकच आहे हे जुळवताना लोक घाईला येतात. कोड पायथनमधला आहे, आणि हात लावणारी माणसं मोजकी: मी, खानापूरचा एक इंजिनिअरिंगचा पोरगा, धारवाडचा एक कन्नड मित्र, चंदगडची एक मुलगी, आणि नावांची यादी तपासून देणारे येळ्ळूरचे एक निवृत्त मास्तर.

हे लिहिते आहे ते असल्याच प्रकल्पांसाठी. नव्या प्रकल्पाला साचा आयता मिळतो, पाच मिनिटांत सगळं जागच्या जागी. खरी अडचण चालत्या प्रकल्पाची असते. तो वापरात असतो, त्यात कोणाचे ना कोणाचे बदल अर्धवट उघडे पडलेले असतात, आणि बिल्ड ‘माझ्याकडे तर चालतंय’ या भरवशावर उभं असतं.

क्रम महत्त्वाचा. आधी बिल्ड, म्हणजे कोड उभा करून तपासायची व्यवस्था; मग फॉर्मॅटर, म्हणजे कोडची मांडणी सारखी करणारं हत्यार; मग लिंटर, म्हणजे कोडमधले दोष दाखवणारं. बहुतेक जण उलटं करतात, कारण फॉर्मॅटर चालवायला मजा येते आणि लगेच काहीतरी केल्यासारखं वाटतं. पण फॉर्मॅटरनं काही मोडलं नाही ना, हे सांगायला टेस्ट लागतात, आणि टेस्ट सगळ्यांकडे सारख्या चालायला बिल्ड लागतं. ते नसताना कोड नुसता सरळ करून ठेवला तर चुका सरळ रांगेत उभ्या राहतात, बाकी काही होत नाही.

एक सांगून ठेवते. आज्ञा आणि फाइलींची नावं इथे तोंडानं म्हणतो तशी लिहिली आहेत. टाइप करताना अर्थातच रोमनमध्ये करायची.

कोऱ्या मशीनपासून सुरुवात

कोणाचा तरी असा लॅपटॉप घ्या ज्यावर तुमचा प्रकल्प कधीच नव्हता. रीडमी उघडा आणि त्यात लिहिलंय तेवढंच करा, डोक्यातलं काही वापरू नका. जिथे अडाल तिथे लिहून ठेवा. हे काम प्रकल्पाच्या मालकानं स्वतः करू नये, नव्या माणसाला करू द्यावं आणि आपण शेजारी गप्प बसावं. गप्प बसणं अवघड जातं, पण बसा. ‘अरे, तिथे ते आधी इन्स्टॉल करायचं असतं’ असं तुमच्या तोंडून निघालं की समजायचं, रीडमीत एक ओळ कमी आहे.

ही यादी हातात आली की पहिलं ध्येय ठरवा: क्लोन केल्यावर, म्हणजे कोडची प्रत उतरवल्यावर, एका आज्ञेत सगळं तपासून झालं पाहिजे. आमच्याकडे पूर्वी मेकफाइल होती, म्हणजे मेक या हत्याराला द्यायच्या आज्ञांची यादी. मेक हे जुनं आणि भरवशाचं हत्यार आहे, १९७६ साली बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमननं लिहिलेलं, आणि लिनक्सवरच काम करणारी मंडळी असतील तर ते बदलायचं काहीच कारण नाही. पण विंडोजवर मेक आपोआप येत नाही, गिट बॅशसोबतही येत नाही. आमच्यातली निम्मी माणसं विंडोजवर. म्हणून आम्ही नॉक्स घेतलं. नॉक्सची फाइल म्हणजे साधा पायथन, त्यात टेस्ट, लिंट, फॉर्मॅट अशी सत्रं लिहायची, आणि ‘नॉक्स’ एवढं म्हटलं की सगळी एकामागून एक चालतात. मेकफाइलही ठेवली आहे, पण तिच्यात आता फक्त नॉक्सला हाक मारणाऱ्या ओळी आहेत. हाताला सवय असते, ती मोडायला कशाला जा.

मेक ठेवणार असाल तर एक जपा. त्याच्या आज्ञांच्या ओळी टॅबनंच सुरू व्हाव्या लागतात. पुढे एडिटरकॉन्फिग, म्हणजे एडिटरांना टॅब-स्पेसचे नियम सांगणारी फाइल, लावून सगळीकडे चार स्पेस केल्या, की मेक ‘मिसिंग सेपरेटर’ म्हणून अडून बसतं. एडिटरकॉन्फिगमध्ये मेकफाइलसाठी वेगळा विभाग करून तिथे टॅब लिहा.

जुनी ‘सेटअप.पीवाय’ असेल तर तिच्यातली माहिती ‘पायप्रोजेक्ट.टॉमल’मध्ये हलवा. हे अर्ध्या तासाचं काम आहे, आणि पुढे फॉर्मॅटर, लिंटर, टेस्ट सगळ्यांच्या सेटिंग त्याच एका फाइलीत बसतात. कमीत कमी कोणतं पायथन चालेल तेही तिथेच ठरवून टाका. इथल्या कॉलेजांच्या लॅबमध्ये विंडोज ७ अजून सापडतं आणि त्यावर पायथन ३.८ च्या पुढे जाता येत नाही. आम्ही ते सोडून दिलं. सगळ्यांना धरून चालायचं म्हटलं तर लिंटरच्या निम्म्या सूचना बंद ठेवाव्या लागतात.

विंडोजवरचा गोंधळ

इथे जरा थांबते, कारण भारतीय भाषांचा डेटा असलेल्या प्रत्येक प्रकल्पात हे होतं आणि कारण कळेपर्यंत माणूस वेडा होतो.

खानापूरच्या पोरानं पहिल्यांदा टेस्ट चालवल्या तेव्हा त्याचा फोन आला. ‘ताई, बघा की हे काय करूलालंय. बेळगाव म्हटलं की उलटंसुलटं छापूलालंय, आणि चिक्कोडी म्हटलं की मरूलालंय.’

दोन्ही नावं एकाच सीएसव्हीतली, एकाच फाइलीत वर-खाली. त्यानं आणखी नावं घालून पाहिली. खानापूर, गोकाक, टिळकवाडी यांच्या जागी परक्या खुणांची रांग यायची, पण प्रोग्राम चालू राहायचा. संकेश्वर आलं की बंद. एरर होती: ‘चारमॅप’ कोडेकला अमुक बाइट वाचता येत नाही.

उत्तर जोडाक्षरात आहे. पायथनला फाइल उघडताना एनकोडिंग, म्हणजे अक्षरं बाइटांत कशी लिहिलीत ते, सांगितलं नाही तर विंडोजवर ते मशीनचं जुनं कोडपेज धरतं, इंग्रजी विंडोजवर बहुधा १२५२. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं. ते तीन बाइट १२५२ नं सुटे सुटे वाचले की तीन परकी अक्षरं दिसतात, म्हणून बेळगावचा कचरा होतो. पण १२५२ मध्ये पाच जागा रिकाम्या आहेत, त्यातली एक १४१ व्या बाइटची, आणि हलन्ताचा तिसरा बाइट नेमका १४१. चिक्कोडीत क ला क जोडलाय, संकेश्वरात श ला व. पाय मोडलेलं अक्षर आलं की वाचणं तिथंच संपलं. ए, ऐ, झ आणि चंद्रबिंदू यांचंही तसंच, त्यांचे शेवटचे बाइट उरलेल्या रिकाम्या जागांत पडतात.

यातला मरणारा प्रकार बरा, निदान बोंब तरी मारतो. गुपचूप कचरा करणारा जास्त धोक्याचा. म्हणून उपाय एकेका जागी करू नका, सगळीकडून करा. कोडमध्ये फाइल उघडणारी प्रत्येक जागा शोधून एनकोडिंग यूटीएफ-८ लिहा. पायथन ३.१० पासून ‘वॉर्न डिफॉल्ट एनकोडिंग’ असा पर्याय आहे. तो ‘एक्स’ या झेंड्याबरोबर दिला की जिथे एनकोडिंग सांगायचं राहिलंय तिथे इशारा मिळतो. टेस्ट चालवताना तो चालू ठेवा आणि इशाऱ्याला एरर माना. पायथन ३.१५ पासून यूटीएफ-८ हेच मूळ धरलं जाणार आहे, पण लोकांच्या मशीनवर ते पोचेपर्यंत वाट बघत बसण्यात अर्थ नाही.

दुसरी गोष्ट एक्सेलची. येळ्ळूरचे मास्तर नावं एक्सेलमध्येच तपासतात, आणि त्यांना दुसरं काही शिका म्हणण्याचा मला हक्क नाही. नावांबद्दल ते जे जाणतात ते आमच्यापैकी कोणालाच येत नाही. एक्सेलमधून ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ म्हणून जतन केलं की फाइलीच्या सुरुवातीला न दिसणारी एक खूण बसते, तिला बॉम म्हणतात. मग पहिल्या रकान्याचं नाव डोळ्यांना ‘कन्नड’ दिसतं आणि प्रोग्राम म्हणतो असा रकानाच नाही. बॉम काढून टाकणारे हुक, म्हणजे बदल नोंदवताना (कमिट करताना) आपोआप चालणाऱ्या छोट्या स्क्रिप्ट, मिळतात, पण ती काढली की मास्तरांनी फाइल डबल-क्लिक केल्यावर एक्सेलला देवनागरी कळत नाही. म्हणून आम्ही काढत नाही. वाचताना पायथनचं ‘यूटीएफ-८-सिग’ हे एनकोडिंग वापरतो. बॉम असली तर गिळतं, नसली तरी तक्रार नाही. हत्यारानं माणसाकडे बघून वाकावं.

ओळीच्या शेवटचा तंटाही इथंच मिटवा, कारण विंडोज आणि लिनक्स ओळीचा शेवट वेगवेगळ्या खुणेनं लिहितात. ‘.गिटॲट्रिब्यूट्स’ फाइलीत सगळ्या मजकूर-फाइलींना ओळीचा शेवट ‘एलएफ’ असं लिहा, मग ‘गिट ॲड’ला ‘रीनॉर्मलाइझ’ जोडून एकदा चालवा आणि तो कमिट वेगळा ठेवा. नाहीतर कोणीतरी एक ओळ बदलतं आणि डिफमध्ये अख्खी फाइल लाल-हिरवी होऊन येते.

नेट नसताना बिल्ड

पावसाळ्यात खानापूरकडे नेट असून नसल्यासारखं असतं. लाईट गेली की टॉवरही गप्प. ज्या बिल्डला दर वेळी इंटरनेटवरून पॅकेजं ओढावी लागतात ते जून ते सप्टेंबर निरुपयोगी. म्हणून अवलंबनांच्या, म्हणजे लागणाऱ्या पॅकेजांच्या, आवृत्त्या लॉकफाइलीत पक्क्या करा. त्यासाठी यूव्ही घ्या की पिप-टूल्स, माझा आग्रह नाही, पण एक काहीतरी घ्या. नॉक्सला मोठा ‘आर’ झेंडा दिला की ते आधीचे आभासी परिसर (व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट) तसेच वापरतं आणि काही नव्यानं इन्स्टॉल करत नाही. रोजच्या कामाला तेवढं पुरतं.

पोरांची कार्यशाळा घ्यायची असेल तर पेनड्राइव्ह भरून न्या. ‘पिप डाउनलोड’नं सगळी चाकं, म्हणजे व्हील फाइली, एका फोल्डरमध्ये उतरवायच्या, आणि तिथे ‘नो-इंडेक्स’ व ‘फाइंड-लिंक्स’ देऊन त्या फोल्डरमधूनच इन्स्टॉल करायचं. यात एक मेख आहे. रफ या फॉर्मॅटर-लिंटरसारखी हत्यारं रस्टमध्ये लिहिलेली आहेत आणि तयार बायनरी म्हणून येतात. लिनक्सवर उतरवलेली फाइल विंडोजवर चालत नाही. उतरवतानाच ‘प्लॅटफॉर्म’ सांगा, सोबत ‘ओन्ली-बायनरी’ द्या, आणि दोन फोल्डर भरा.

यंत्रानं बनवलेली फाइल

लिप्यंतराचा मूळ हिशेब सोपा आहे. युनिकोडचे भारतीय लिप्यांचे कप्पे १९८८ च्या इस्की, म्हणजे भारतीय लिप्यांच्या जुन्या मानकाच्या, मांडणीवर बेतलेले असल्यामुळे देवनागरीचा क २३२५ वर आणि कन्नडचा क ३२२१ वर. फरक ८९६, आणि जवळपास सगळ्या अक्षरांना तोच. ८९६ मिळवा किंवा वजा करा, बहुतेक काम झालं. उरलेलं सगळं आयुष्य अपवादांत जातं. कन्नडात ऱ्हस्व ए-ओ वेगळे आहेत, मराठीत नाहीत. बेळगावीचं कन्नड स्पेलिंग नुसतं वजाबाकीनं आणलं तर ब वर मराठीत नसलेली मात्रा बसते. उलट दिशेनं, ‘डॉक्टर’मधल्या ‘डॉ’च्या चिन्हाला ८९६ मिळवले की कन्नडात रिकामी जागा लागते आणि पडद्यावर चौकोन उमटतो. हे सारे अपवाद सीएसव्हीत आहेत, आणि त्या सीएसव्हीतून एक पायथन फाइल बनते.

तुमच्याही प्रकल्पात अशी बनवलेली फाइल असेलच. तिचं धोरण एकदाच ठरवा. एक तर ती गिटमध्ये ठेवूच नका. ठेवायचीच असेल तर सीआयमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलाबरोबर सर्व्हरवर आपोआप चालणाऱ्या तपासणीत, ती पुन्हा बनवून ‘गिट डिफ’ला ‘एक्झिट-कोड’ देऊन तपासा. फरक निघाला तर लाल. आम्ही दुसरं करतो, म्हणजे लायब्ररी वापरणाऱ्याला जनरेटर चालवावा लागत नाही आणि कोणी बनलेल्या फाइलीत हातानं बदल केला तर लगेच पकडला जातो.

मात्र त्यासाठी जनरेटरनं दर वेळी तंतोतंत तीच फाइल दिली पाहिजे. वर ‘अमुक तारखेला बनवली’ अशी ओळ असेल तर काढा. स्ट्रिंगांचा सेट घेऊन त्यावर फिरत असाल तर आधी सॉर्ट करा. पायथन ३.३ पासून स्ट्रिंगांचं हॅश दर वेळी वेगळं निघतं, त्यामुळे सेटचा क्रमही दर वेळी वेगळा, आणि काहीच न बदलता डिफ येत राहतो.

फॉर्मॅटर एका दिवसात, एका कमिटमध्ये

आता शैली. कोणता फॉर्मॅटर घ्यायचा यावर चर्चा लांबवू नका. पायथनला ब्लॅक किंवा रफ, सी-सी++ ला क्लँग-फॉर्मॅट, गो ला त्याचा स्वतःचा. ब्लॅक आणि रफ दोन्ही ओळीला ८८ अक्षरं धरतात, पायथनची जुनी शैलीपुस्तिका ७९ म्हणते. आम्ही ८८ ठेवले, कारण तेच आधीपासून लिहिलेले होते आणि सेटिंगमध्ये एक ओळ वाचली. पाटीवर कोणत्या भाषेत काय लिहायचं यावरून वाद घालायला या जिल्ह्यात माणसं पुरेशी आहेत, टॅब की स्पेस यावरून आणखी एक आघाडी नको.

आधी उघडे पीआर, म्हणजे आत घेण्यासाठी पाठवलेले बदल, बघा. जेवढे मिटवता येतील तेवढे मिटवा. उरलेल्यांच्या मालकांना तारीख सांगा, आणि त्यांना पुढचा मार्गही लिहून द्या. फॉर्मॅटच्या कमिटच्या आधीचा कमिट आपल्या शाखेत मर्ज करायचा, मग त्याच आवृत्तीचा फॉर्मॅटर आपल्या शाखेवर चालवून कमिट करायचा, आणि मग फॉर्मॅटचा कमिट ‘अवर्स’ या स्ट्रॅटेजीनं मर्ज करायचा. हाताने शेकडो कॉन्फ्लिक्ट सोडवत बसायची गरज राहत नाही.

फॉर्मॅटच्या कमिटमध्ये दुसरं काहीही नको. एक कॉमादेखील हातानं बदलू नका. ‘जाता जाता हे फंक्शनचं नावही सुधारलं’ असं कोणी म्हणालं तर सरळ परत पाठवा. तपासणारा माणूस या कमिटची एकेक ओळ वाचणारच नाही, तो फॉर्मॅटर स्वतः चालवून तेच उत्तर येतं का बघणार. त्यात हाताचा बदल मिसळला की ती तपासणी फुकट. ब्लॅक हा फॉर्मॅटर कोड नव्यानं मांडल्यावर आधीचा आणि नंतरचा अर्थ-वृक्ष, म्हणजे पायथनला दिसणारी कोडची रचना (एएसटी), एकच आहे का हे स्वतःच ताडून बघतो. रफ वापरणार असाल तर टेस्टवर भिस्त, म्हणूनच टेस्ट आधी.

‘गिट ब्लेमचा, म्हणजे कोणती ओळ कोणी बदलली हे दाखवणाऱ्या आज्ञेचा, सत्यानाश होईल’ ही तक्रार येतेच, आणि पूर्वी ती खरी होती. २०१९ मध्ये आलेल्या गिट २.२३ पासून तिला उत्तर आहे. ‘.गिट-ब्लेम-इग्नोर-रेव्ह्ज’ नावाची फाइल करा, त्यात फॉर्मॅटच्या कमिटचा पूर्ण हॅश, म्हणजे त्याची लांबलचक ओळखखूण, लिहा, वर कशाचा कमिट आहे त्याची एक टिप्पणी. मग प्रत्येकानं आपल्याकडे ‘ब्लेम डॉट इग्नोर-रेव्ह्ज-फाइल’ ही गिटची सेटिंग एकदा करायची. गिटहब ती फाइल आपोआप वाचतं. स्क्वॉश मर्ज, म्हणजे पीआरचे सगळे कमिट एकात दाबून आत घेणं, वापरत असाल तर हॅश मर्जनंतर बदलतो, म्हणून आधी फॉर्मॅटचा पीआर आत घ्या आणि मुख्य शाखेवर जो हॅश दिसतो तो दुसऱ्या पीआरमधून लिहा.

फॉर्मॅटरला सगळंच देऊ नका. आमच्या कोडमध्ये वर्णमालेचा तक्ता आहे, क-वर्ग एका ओळीत, च-वर्ग दुसऱ्या, शाळेच्या भिंतीवर असतो तसा पाच-पाच अक्षरांचा. डोळे फिरवले की चुकीचं अक्षर लगेच खटकतं. फॉर्मॅटर तो तक्ता एका ओळीला एक अक्षर असा उभा करून टाकतो आणि मग त्यात चूक सापडणं नशिबावर. अशा तुकड्याच्या वर ‘एफएमटी ऑफ’ आणि खाली ‘एफएमटी ऑन’ अशी टिप्पणी लिहा. मात्र असे तुकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच असावेत. प्रत्येकाला आपला कोड तक्त्यासारखाच वाटायला लागतो.

डेटात हात घालू न देणं

ही गोष्ट इंग्रजीतल्या मार्गदर्शिकांत शोधून सापडणार नाही, म्हणून सविस्तर.

साफसफाई करणारे हुक ओळीच्या शेवटची मोकळी जागा काढतात, फाइलीच्या शेवटी एक नवी ओळ घालतात, काही जण न दिसणारी अक्षरंही काढणारी स्क्रिप्ट जोडतात. कोडला हे चांगलं. देवनागरीच्या डेटाला घातक. ‘कऱ्हाड’ घ्या. यातला आडवा र लिहायच्या दोन पद्धती जुन्या फाइलींत सापडतात. एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त. दुसरी, साधा र, हलन्त आणि त्यापाठोपाठ न दिसणारा शून्य-रुंदी जोडक. पडद्यावर दोन्ही सारखे. ‘स्वच्छता’ करणाऱ्या स्क्रिप्टनं तो जोडक काढला की त्या र चा रफार होतो आणि ह च्या डोक्यावर जाऊन बसतो. ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो, डोंगरातून थेट समुद्रात. प्रोग्राम चालतो, टेस्ट हिरव्या राहतात, कारण टेस्टमधलं अपेक्षित उत्तरही त्याच स्क्रिप्टनं ‘स्वच्छ’ केलेलं असतं.

म्हणून टेस्टचा डेटा वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि ते फोल्डर हुक चालवणाऱ्या प्री-कमिटच्या ‘एक्स्क्लूड’मध्ये, एडिटरकॉन्फिगमध्ये आणि ‘.गिटॲट्रिब्यूट्स’मध्ये, तिन्हीकडे वगळा. एकीकडे वगळून भागत नाही, एडिटर जतन करतानाच जागा खाऊन टाकतो. कोडमध्ये न दिसणारं अक्षर लागलंच तर ते तसंच न चिकटवता त्याचा एस्केप क्रमांक लिहा, म्हणजे वाचणाऱ्याला दिसेल.

आणि डेटाची स्वतःची टेस्ट लिहा. ऱ एकाच अक्षरात, क्रमांक २३५३, असाही येतो आणि र अधिक नुक्ता असा दोन अक्षरांतही. एनएफसी या युनिकोडच्या ठरावीक रूपात आणला की दोन्हीचा एकच होतो. पायथनमध्ये ‘युनिकोडडेटा’त ‘इज नॉर्मलाइज्ड’ आहे, सीएसव्हीची प्रत्येक ओळ त्यातून काढा. चुकली तर टेस्टनं ओळ क्रमांक सांगावा, आपण होऊन दुरुस्त करू नये. दुरुस्ती माणूस बघून करेल. जोडक घालून लिहिलेला र मात्र एनएफसीनं बदलत नाही, त्याचा नियम वेगळा लिहावा लागतो.

याच कारणानं लांबीवर बेतलेल्या नियमांपासून सावध राहा. ‘क्षेत्र’ हा शब्द वाचताना दोन अक्षरं, पायथनच्या लेखी ७, आणि यूटीएफ-८ मध्ये २१ बाइट. देवनागरी असलेली ओळ ‘लांब झाली’ म्हणून लिंटर ओरडला तर त्या फाइलींपुरता तो नियम बंद करा आणि पुढे चला.

लिंटर थोडा थोडा

रफमध्ये शेकडो नियम आहेत. सगळे चालू केले तर पहिल्याच दिवशी इतके इशारे येतात की कोणी वाचत नाही. मूळचे नियम ठेवा, म्हणजे न वापरलेलं इम्पोर्ट, न सापडणारं नाव, असले खरे दोष. ते शून्यावर आणा. मग इम्पोर्टचा क्रम, मग बगबेअरचा गट. एका पीआरला एक गट. जुन्या कोडमध्ये लगेच सुधारता येणार नाही असं काही असेल तर रफचा ‘ॲड-नोक्यूए’ त्या ओळींवर खूण करून देतो. जुनं खुणेसकट राहतं, नवं मात्र नियमात यावंच लागतं. पुढे कोणी त्या ओळीला हात लावला की खूण काढायची.

सीआयकडे आमच्या कारखान्यातल्या गो-नो-गो गेजसारखं बघा. जॉब गेजमध्ये बसला तर बसला, ऑपरेटर जुना की नवा, मालकाचा भाचा की ट्रेनी, हे गेज विचारत नाही. आमच्याकडे शैलीबद्दलची टिप्पणी पीआरवर माणसानं लिहायचीच नाही असा रिवाज आहे. एखादी गोष्ट खटकली आणि ती नियमात बसवता येत असेल तर नियम सुचवा, बसवता येत नसेल तर सोडून द्या. धारवाडचा मित्र पूर्वी माझ्या रिकाम्या ओळींवर फार लिहायचा. आता आमचं बोलणं कन्नड जोडाक्षरांवर होतं.

प्री-कमिट हुक ऐच्छिक ठेवा. ते पहिल्यांदा बसताना नेट खातात आणि नव्या पोराला कमिटच होत नाही म्हणून तो हबकतो. सीआय मात्र सक्तीचं, आणि सीआयनं तीच नॉक्सची आज्ञा चालवावी जी घरी चालते. सीआयच्या फाइलीत वेगळी तर्कटं लिहिली की घरी हिरवं, तिकडे लाल, आणि कारण कोणाला कळत नाही. लिनक्स आणि विंडोज दोन्हीवर चालवा. विंडोजचं सत्र हळू चालतं, चालू दे.

नावं

कोडमध्ये नावं देण्याची एकच गोष्ट यंत्रावर सोडता आली नाही. एका फाइलीत मी ‘वेलांटी’ रोमनमध्ये लिहिलेलं, धारवाडच्या मित्रानं दुसऱ्या फाइलीत त्याच चिन्हाला ‘गुडिसु’, आणि चंदगडच्या मुलीनं ‘वेलांटी’च पण ‘व्ही’ऐवजी ‘डब्ल्यू’नं. शोधायला गेलं की तिघांपैकी एकच सापडायचं. आता चिन्हांची नावं कोडमध्ये युनिकोडच्या तक्त्यात आहेत तीच, आणि टिप्पण्या ज्याला ज्या भाषेत सुचतील त्या भाषेत. मराठी टिप्पणीखाली कन्नड टिप्पणी दिसली तर दुरुस्त करू नका, वाचायला शिका.

आवृत्ती पक्की करा

शेवटचं, आणि हे विसरतंच. फॉर्मॅटरची आवृत्ती लॉकफाइलीत आणि प्री-कमिटमध्ये दोन्हीकडे एकच हवी. एकाकडे नवी, दुसऱ्याकडे जुनी असेल तर तीच फाइल दोघांकडे आलटून पालटून बदलत राहते. ब्लॅकची स्थिर शैली वर्षातून एकदा, जानेवारीच्या आवृत्तीत बदलते, म्हणून आम्ही आवृत्ती संक्रांतीच्या आसपास एकदाच वाढवतो. पोरांच्या परीक्षा संपलेल्या असाव्यात, उघडे पीआर कमी असावेत, असा आठवडा बघायचा. नवी आवृत्ती पक्की करण्याचा कमिट वेगळा, त्यानं केलेल्या फॉर्मॅटचा वेगळा, आणि दुसऱ्याचा हॅश मुख्य शाखेवर उतरला की ‘.गिट-ब्लेम-इग्नोर-रेव्ह्ज’मध्ये खाली जोडायचा.